धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. मामाच्या मुलीशी लग्न ठरवण्याआधी काय तपासावे?

झाडीपट्टीचा_वाचक

नमस्कार. मी मूळचा गडचिरोली जिल्ह्यातला असून सध्या नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे आणि तिचा पॅटर्न एसएस आहे. हातपाय ठणकणे, डोळे पिवळे होणे, अचानक दवाखान्यात भरती करावे लागणे आणि रक्त चढवणे हे सारे आम्ही तिच्या लहानपणापासून पाहत आलो आहोत. आई-बाबांना मात्र कसलाही त्रास नाही. दोघेही अजून धानाच्या बांधीत दिवसभर राबतात. मीही धडधाकट आहे, त्यामुळे माझी तपासणी आजवर कोणी केलेली नाही.

सध्या घरात माझ्या लग्नाची बोलणी मामाच्या मुलीशी चालू आहेत. आमच्याकडे अशी सोयरीक रीतीला धरूनच आहे आणि आम्हा दोघांनाही ती मनापासून पसंत आहे. परंतु वडीलधारी मंडळी जे सांगतात त्यात मेळ बसत नाही. एक काका म्हणतात की हा आजार आईकडून उतरतो, म्हणून मामाच्या घरची मुलगी करू नये. दुसरे म्हणतात की चार लेकरांमागे एकाला तो होतो, तुमच्या घरात तो बहिणीच्या वाट्याला आला, तेव्हा तुझा प्रश्नच उरला नाही. तिसऱ्या एकांचे मत असे की रक्तगट वेगळे असले की धोका नसतो. माझा बी पॉझिटिव्ह आणि तिचा ओ पॉझिटिव्ह आहे. यांपैकी खरे काय, आणि लग्न पक्के करण्याआधी आम्ही नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

जीवशास्त्र_शिक्षिका

तुम्ही बोलणी पक्की होण्याआधी विचारत आहात, हे फार चांगले आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण तीनही मतांच्या मुळाशी आनुवंशिकतेविषयीचे वेगवेगळे गैरसमज आहेत.

आधी तुमच्या आई-बाबांविषयी. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. हिमोग्लोबिनचा एक घटक, बीटा ग्लोबिन, कसा बनवायचा याची माहिती ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते, म्हणजे ती माहिती आपल्याजवळ दोन प्रतींत असते. सिकलसेलमध्ये या जनुकातले फक्त एक अक्षर बदललेले असते. त्या एका बदलामुळे बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल बसते, आणि असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून त्याचे लांब, ताठ दांडे तयार होतात. एरवी लवचीक असणारी तांबडी पेशी त्यामुळे विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची जेमतेम १० ते २० दिवस. तुमच्या बहिणीच्या वेदना अडकलेल्या रक्तप्रवाहातून येतात, तर रक्त कमी होणे आणि कावीळ पेशी फुटण्यातून.

ज्याच्याजवळ एक प्रत चांगली (ए) आणि एक बदललेली (एस) असते, त्याच्या पेशींत दोन्ही हिमोग्लोबिने बनतात, आणि चांगले हिमोग्लोबिन पुरेसे असल्याने एरवी पेशी वाकत नाहीत. अशा व्यक्तीला आपण वाहक किंवा ‘एएस पॅटर्न’ म्हणतो. तिला आजार नसतो, परंतु तिच्या निम्म्या बीजपेशींत (स्त्रीबीजांत किंवा शुक्रपेशींत) एस ही प्रत जाते. तुमची बहीण एसएस आहे याचा अर्थ तिला एक एस आईकडून आणि एक एस बाबांकडून मिळाला. म्हणून तपासणी न करताही आपण ठामपणे सांगू शकतो की तुमचे आई-बाबा दोघेही वाहक आहेत. धानाच्या बांधीत राबण्याइतकी त्यांची प्रकृती ठणठणीत असण्यात आणि वाहक असण्यात काहीही विसंगती नाही.

आई-वडिलांत न दिसणारा गुण मुलांत कसा दिसतो, हे कोडे ग्रेगोर मेंडेल यांनी ब्र्नो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या रोपांवर सोडवले आणि १८६५ मध्ये तेथील निसर्ग अभ्यासकांच्या सभेत मांडले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले; त्याच रोपांच्या पुढच्या पिढीत मात्र ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक या प्रमाणात, दाणे मिळाले. मधल्या पिढीत सुरकुतलेपणा नाहीसा झाला नव्हता, तो केवळ झाकला गेला होता. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी होती की आई-वडिलांचे गुण संततीत एकमेकांत मिसळून जातात. आपण ‘रक्त मिसळले’ म्हणतो तेव्हा तीच समजूत बोलत असते. मेंडेलने दाखवले की गुणांचे घटक मिसळत नाहीत. ते जोडीने राहतात आणि बीजपेशी तयार होताना जसेच्या तसे वेगळे होतात. सिकलसेलच्या बाबतीत हाच नियम लागू होतो, हे १९४९ मध्ये जेम्स नील यांनी रुग्णांच्या आई-वडिलांचे रक्त तपासून दाखवून दिले.

आता तुमच्या काकांची मते पाहू. आजार आईकडून उतरतो ही समजूत अगदीच निराधार नाही, कारण हिमोफिलिया किंवा लाल-हिरव्या रंगांचे रंगांधत्व यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि त्यांत निरोगी आईकडून मुलाकडे दोष गेलेला सर्रास दिसतो. सिकलसेलचे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. त्यात आई आणि वडील यांचा वाटा अगदी सारखा असतो, आणि मुलगा-मुलगी यांच्या धोक्यातही फरक नसतो. मामाच्या मुलीबाबत जी शंका घ्यायची, तीच आत्याच्या मुलीबाबतही तितकीच घ्यावी लागेल.

‘चार लेकरांमागे एक’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भाच्या वेळी एए होण्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के आणि एसएसची २५ टक्के असते, आणि हे दान प्रत्येक वेळी नव्याने पडते. नाणेफेकीत एकदा छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटा पडेल असे नाही, तसेच हे आहे. हिशेब करून पाहा: दोन्ही पालक वाहक आणि मुले चार, अशी शंभर घरे घेतली तर साधारण ३२ घरांत एकही रुग्ण नसेल, ४२ घरांत एक असेल, आणि उरलेल्या २६ घरांत दोन किंवा त्याहून अधिक रुग्ण असतील. बहिणीने कोणाच्या वाट्याचा आजार आपल्यावर घेतला नाही.

तुमच्यापुरते बोलायचे तर तुम्ही रुग्ण नाही असे दिसते, म्हणून चार सारख्या शक्यतांपैकी एसएस बाद झाली. उरलेल्या तीनपैकी एक एए आणि दोन एएस. म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश आहे. ‘अर्धी’ असे अनेक जण सांगतात, ते बरोबर नाही, कारण तुम्ही निरोगी आहात ही माहिती त्या हिशेबात धरलेली नसते.

रक्तगटाचे जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे, आरएचचे पहिल्यावर. त्यांचा सिकलसेलशी काही संबंध नाही; बी आणि ओ असल्याने धोका कमीही होत नाही आणि वाढतही नाही.

तपासणीआधीचा अंदाज असा मांडता येईल. तुमच्या आईला एस तिच्या आई किंवा वडिलांकडून मिळाला, त्यामुळे मामाजवळ तो असण्याची शक्यता निदान निम्मी, आणि मामाच्या मुलीजवळ असण्याची निदान एक चतुर्थांश. मामीच्या माहेरचा विचार यात केलेला नाही. तुमची दोन तृतीयांश, तिची एक चतुर्थांश आणि दोघेही वाहक असल्यास बाळाची एक चतुर्थांश यांचा गुणाकार २४ मध्ये १ इतका येतो. हा आकडा केवळ तपासणीपूर्वीचा आहे. दोघांच्या रक्ताच्या एकेका नमुन्याने तो एकतर शून्य होईल किंवा चारास एक होईल, म्हणून अंदाजावर विसंबू नका.

झाडीपट्टीचा_वाचक

ताई, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. काल मामांशी मोकळेपणाने बोललो, तेव्हा दोन गोष्टी नव्याने कळल्या. त्यांच्या मुलीची महाविद्यालयातल्या शिबिरात तपासणी झाली होती आणि त्या चिठ्ठीवर ‘सोल्युबिलिटी: पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. मुलीला आजार आहे असा बोभाटा होईल या भीतीने मामांनी ती चिठ्ठी कपाटात ठेवून दिली. तिला स्वतःला कधीच काही त्रास झालेला नाही. दुसरे म्हणजे, बहिणीच्या एका जुन्या अहवालात ए आणि एस अशी दोन्ही हिमोग्लोबिने दाखवली आहेत. मग ती रुग्ण आहे की वाहक?

रक्तपेढी_तंत्रज्ञ

दोन्ही प्रश्न रोजच्या कामातले आहेत, म्हणून मी उत्तर देतो.

सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट असते. द्रावणात रक्ताचे थेंब टाकतात आणि परीक्षानळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. गढूळपणा एवढेच सांगतो की रक्तात एस हिमोग्लोबिन आहे. वाहक असो वा रुग्ण, दोघांचीही नळी गढूळच होते. त्यामुळे त्या चिठ्ठीवरून तुमच्या मामेबहिणीला आजार आहे असे म्हणता येत नाही. ती वाहक असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. तरीही खात्री करून घ्यावी लागेल, कारण आपल्याकडच्या काही एसएस रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, जास्त प्रमाणात टिकून राहते आणि त्यांना बरीच वर्षे सौम्य त्रास होतो.

खात्री करणारी तपासणी म्हणजे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. एचपीएलसीच्या कागदावर प्रत्येक हिमोग्लोबिनचे शिखर आणि त्याची टक्केवारी छापून येते. वाहकात ए सर्वांत जास्त आणि एस साधारण ३० ते ४० टक्के दिसते. एसएस रुग्णात ए जवळजवळ नसतेच.

तुमच्या बहिणीचा तो अहवाल रक्त चढवल्यानंतरचा आहे का, ते तारखा जुळवून पाहा. रक्तदात्याच्या पेशी तिच्या अंगात असतील तर अहवालात दात्याचे ए दिसणारच. रक्त चढवल्यावर निदान तीन महिने ही तपासणी करू नये, आणि करावीच लागली तर अहवालावर तशी स्पष्ट नोंद हवी.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट सांगतो. तुम्ही स्वतः केवळ सोल्युबिलिटी करून ‘निगेटिव्ह’ वर समाधान मानू नका. बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे बीटा ग्लोबिन पुरेसे न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक या चाचणीत सापडत नाही. जोडप्यापैकी एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर बाळाला एकीकडून एस आणि दुसरीकडून नीट काम न करणारे बीटा जनुक मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि तो आजार पुष्कळदा एसएसइतकाच त्रासदायक ठरतो. एचपीएलसीत ए२ हे हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांहून जास्त आढळले तर थॅलेसेमियाची शंका घेतात. लोहाची कमतरता असल्यास ए२ खाली येऊन हा वाहक नजरेतून सुटू शकतो, म्हणून सोबत सीबीसीही (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) करून घ्या.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. गावाकडच्या आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र तुमच्या मामेबहिणीला पुढच्या तपासणीसाठी पाठवू शकतील.

विदर्भ_वाचक

सविस्तर चर्चा वाचली. माझे मत थोडे कठोर वाटेल, परंतु दोघेही वाहक निघाले तर हे लग्न करूच नये. आजाराचे मूळ माहीत असताना पुढच्या पिढीला त्यात ढकलणे योग्य नाही. शिवाय मामेबहीण म्हणजे जवळचे नाते; सिकलसेलखेरीज दुसरे अप्रभावी दोषही (दोन्हीकडून आले तरच दिसणारे) एकत्र येऊ शकतात. आपल्याकडे दुसरी स्थळे नाहीत असे नाही.

दोन_मुलांची_आई

मी आणि माझे यजमान दोघेही एएस आहोत. आमचे लग्न नात्यातले नाही, दोन वेगळ्या जिल्ह्यांतले आहे. पत्रिका जुळली होती, रक्ताची तपासणी कोणी सुचवली नव्हती.

मोठा मुलगा सहा महिन्यांचा होईपर्यंत अगदी छान होता. पुढे मला सांगण्यात आले की तोवर त्याच्या रक्तात गर्भातले एफ हिमोग्लोबिन भरपूर होते आणि त्यानेच त्याला सांभाळले. नंतर एके सकाळी त्याच्या दोन्ही हातांचे पंजे सुजले, बोटांच्या मुळाशी कातडी ताणून चकाकू लागली आणि कोणी हात लावला तरी तो किंचाळू लागला. आधी मुका मार समजून शेक दिला. निदान होईपर्यंत त्याचे बरेच हाल झाले. आज तो रोज हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिड घेतो, शाळेत जातो, उन्हाळ्यात पाण्याची बाटली दप्तरातून कधी काढत नाही, आणि त्याला भरती करण्याची वेळ पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी येते.

दुसऱ्या वेळी दिवस राहिल्याचे कळताच आम्ही जनुकीय समुपदेशन घेतले. आम्हा दोघांचे जनुकीय अहवाल आधीच तयार होते, आणि त्यामुळे पुढचे काम वेळेत झाले. बाराव्या आठवड्याच्या आसपास वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाचे जनुक तपासले. या तपासणीत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो आम्हाला नीट समजावून सांगितला होता आणि आमच्या लेखी संमतीनंतरच ती झाली. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा जो कायदा आहे, तोच नोंदणीकृत केंद्रात अशा आनुवंशिक आजारांच्या तपासणीला परवानगी देतो. लिंग सांगितले जात नाही. बाळ एएस निघाले. ती आता चालायला लागली आहे.

विदर्भ_वाचक यांची कळकळ मी समजू शकते. माझ्या मुलाचे दुखणे मी रात्र-रात्र पाहिले आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला हलके वाटत नाही. परंतु हा निर्णय त्या दोघांचा आहे आणि त्यांच्यासमोर एकच वाट नाही. लग्न न करणे ही एक वाट. लग्न करून प्रत्येक गर्भाची वेळेवर तपासणी करणे ही दुसरी. मूल दत्तक घेणे ही तिसरी. गर्भ एसएस निघाल्यास काय करायचे, हे मात्र लग्नाआधीच एकमेकांशी बोलून ठेवा. त्या आठवड्यांत विचार करायला उसंत मिळत नाही, आणि घरातले सगळे एकाच वेळी बोलत असतात.

एक विनंती मामांनाही आहे. चिठ्ठी लपवल्याने मुलीची बदनामी टळत नाही. आमच्या भागात वाहक मुलींची स्थळे मोडतात आणि वाहक मुलांना कोणी तपासायलाही सांगत नाही, हा अन्याय आपण सर्वांनी बोलून दाखवला पाहिजे.

जीवशास्त्र_शिक्षिका

शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याला एक जोड देते. एस हे रूप कोणा जातीचा वा जमातीचा दोष नाही. भारतात ते प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळले. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात ते अनेक समाजांत आहे, आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य समुद्राच्या काठीही आहे. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून दाखवले की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत एकच एस असलेली मुले जास्त संख्येने वाचली, म्हणून ते रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आपल्या पूर्वजांपैकी कित्येक जण कदाचित त्यामुळेच जगले असतील.

नात्यातल्या लग्नाविषयी विदर्भ_वाचक यांचा मुद्दा योग्य आहे. मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के धरतात. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात तीत आणखी सुमारे २ ते ३ टक्क्यांची भर पडते. ही भर नगण्य नाही, पण लग्न मोडण्याचे फर्मान काढावे इतकी मोठीही नाही. घरात दुसरा एखादा आनुवंशिक आजार असेल तर समुपदेशकांना तो जरूर सांगावा.

झाडीपट्टीचा_वाचक, मामांच्या चिठ्ठीमुळे तुमचा हिशेब बदलला आहे. मुलगी एएस आहे असे धरले, तर तपासणीपूर्वीची शक्यता आता २४ मध्ये १ नसून ६ मध्ये १ आहे. पुढचे सारे तुमच्या अहवालावर अवलंबून आहे. तुम्ही एए निघालात आणि थॅलेसेमियाचे वाहक नसलात, तर तुमच्या मुलांपैकी कोणालाही सिकलसेलचा आजार होणार नाही. काही जण वाहक होतील, एवढेच.

झाडीपट्टीचा_वाचक

आज पुण्यातल्या प्रयोगशाळेत एचपीएलसी आणि सीबीसीसाठी नमुना दिला. मामेबहीण सोमवारी मामांबरोबर जिल्हा रुग्णालयात जाणार आहे, आणि जाण्याचा आग्रह तिनेच धरला. बहिणीचा तो अहवाल रक्त चढवल्यानंतर आठवडाभरातला होता, हेही तारखांवरून स्पष्ट झाले. ही चर्चा मी बहिणीला वाचून दाखवली. तिने एकच प्रश्न विचारला आहे: तिचे लग्न झाले तर तिच्या मुलांना हा आजार होईलच का?

जीवशास्त्र_शिक्षिका

नाही. तिच्याकडून प्रत्येक बाळाला एक एस नक्की जाईल, परंतु आजार होण्यासाठी दुसरा एस किंवा थॅलेसेमियाचे जनुक वडिलांकडून यावे लागते. जोडीदार एचपीएलसीत पूर्णपणे एए असेल तर तिची सगळी मुले वाहक होतील, रुग्ण एकही नसेल. जोडीदार एएस असेल तर मात्र प्रत्येक वेळी निम्मी शक्यता एसएसची असते. तिच्यासाठी मुलगा पाहताना त्याची एचपीएलसी आधी मागा. गर्भारपणात तिच्या स्वतःच्या प्रकृतीवर ताण येतो, म्हणून दिवस राहण्याआधीच रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही भेटावे लागेल. ती हायड्रॉक्सीयुरिया घेत असल्यास ते कधी थांबवायचे, हे त्यांच्याच सल्ल्याने ठरवावे.